काकाजी ‘झालं’ म्हणत नसत

आमच्या स्टुडिओत ‘झालं’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. गिऱ्हाईक फोनवर विचारायचं, "काकाजी, फाईल झाली का?" फाईल समोर तयार असायची, डिस्क डब्यात, डब्याला रबर, रबराखाली नावाची चिठ्ठी. तरी काकाजी म्हणायचे, "होऊन राहिली." गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं तरी ती होऊनच राहिलेली असायची. काकाजींनी ती पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत, खऱ्या वेगानं, एकदाही पुढे न ढकलता पाहिली, की मग ते खुर्चीतून उठायचे आणि म्हणायचे, "न्या." ‘झालं’ तेव्हाही नाहीच.

नागपूरला मनीषनगरात एका औषधाच्या दुकानामागे आमच्या दोन खोल्या होत्या. मोठ्या कॅमेऱ्यांच्या फाइली घरच्या लॅपटॉपवर उघडत नाहीत. थिएटरच्या प्रोजेक्टरला एक साचा लागतो, मिरवणुकीतल्या पडद्याच्या गाडीला दुसरा, वकिलाला तिसरा. एका साच्यातून काढून दुसऱ्या साच्यात ओतायचं, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं आहे. मीही सोपंच समजून तिथे लागले होते, तेवीस वर्षांची होते तेव्हा.

काकाजी कोणाचेच काका नव्हते. आधी लग्नांचे, मग बातम्यांचे कॅमेरामन, मग पाठ धरली म्हणून बसून करायचं काम. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात नेहमी चिकटपट्टीचं भेंडोळं. ती पट्टी जखमेसाठी नव्हती. भिंतीवरचं प्रत्येक बटण त्यांनी त्या पट्टीनं चालू स्थितीत चिकटवून टाकलं होतं. पंखा बंद करायचा तर आधी पट्टी सोलावी लागे. माझ्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरा आहे ना गं माणूस?"

बरे होते. फक्त भित्रे होते, आणि मी तसं मैत्रिणींमध्ये उघड म्हणायचे. कार्डावरून फाईल उतरत असली की स्टुडिओत बोलायचं नाही, उठायचं नाही, दार आपटायचं नाही. एकदा एका नवरदेवाचा मामा ऐन त्या वेळी आला आणि मोठ्यानं "राम राम" म्हणाला. काकाजींनी ओठांवर बोट ठेवून त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. तो बिचारा अकरा मिनिटं तिथेच हात जोडून उभा. मे महिन्यात कूलरचं तोंड मशीनकडे असायचं आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून घाम पुसत बसायचो. प्रत्येक कामाच्या तीन प्रती निघायच्या. एक स्टुडिओत, एक त्यांच्या घरी तांदळाच्या डब्यात, एक कपाटात त्यांच्या लग्नाच्या शालूखाली. काकू गेल्या त्यानंतर तो शालू हलला नव्हता, म्हणून ती जागा त्यांना सगळ्यांत भरवशाची वाटे.

आणि हात. कार्ड मशीनमध्ये घालताना त्यांचे हात इतके थरथरायचे की कार्ड फटीच्या दोन्ही बाजूंना आपटायचं. मग ते माझ्याकडे सरकवायचे. "तू घाल वं बाई. माझे हात आयकून नाही राहिले." मी हसत घालायचे. माझे हात तेव्हा छान ऐकायचे.

ऑनलाइन हा शब्द मात्र त्यांच्यापुढे काढायचीच सोय नव्हती. आता अशा साइट निघाल्या आहेत, फाईल चढवा, साचा निवडा, तासाभरात तयार माल उतरवून घ्या. आमचं जुनं मशीन जे काम दिवसभर कण्हत करायचं ते तिथे चहा होईपर्यंत व्हायचं. मी दोनदा सुचवून पाहिलं. दुसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढला.

"मले सांग, ते मशीन कुठी हाये?"

"कुठेतरी असेल काकाजी. परदेशात."

"कोणाचं हाये?"

"कंपनीचं."

"म्हणजे आपली लेक आपण अनोळखी माणसाच्या गाडीवर बसवून द्याची. काहून, तं तो म्हणते घरी सोडतो म्हणून. अन् सोडलं बी त्यानं. पण मंधात कुठी नेलं होतं, हे तुले कोण सांगन?"

मी म्हटलं, ते लिहून देतात, एका दिवसात सगळं पुसून टाकतो म्हणून. काकाजी म्हणाले, "पुसलं हे पुसणारालेच माहीत."

हा धाक त्यांच्यात कुठून आला ते मला पुढे कळलं. एका पावसाळी दुपारी वीज गेली होती, यंत्रं गप्प होती, म्हणून ते बोलले. ते मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. वडील हातमागावर लुगडी विणायचे. लुगडं मागावरून उतरलं की वडील ते तसंच घडी घालून देत नसत. दारात उजेडाला उभे राहून नऊच्या नऊ वार हातांखालून सरकवायचे, काठ, पदर आणि अंग, सगळं. गिऱ्हाईक खोळंबलं तरी. काकाजींनी एकदा चॅनेलचा मोठा कॅमेरा सुट्टीच्या दिवशी मागून आणला आणि म्हाताऱ्याला मागावर बसवून दोन तास टिपलं. फाईल उतरवली, सुरुवात पाहिली, शेवट पाहिला, आणि कार्ड पुसून कॅमेरा परत केला. वडील गेल्यावर तेराव्याला सगळ्यांना दाखवायला लावली. पहिली चार मिनिटं म्हातारा हसत मागावर बसतो. शेवटची दोन मिनिटं उठून पाणी पितो. मधलं सगळं हिरवं, उतरतानाच बिघडलेलं.

"सुरुवात अन् शेवट तं सगळेच पाहते," काकाजी म्हणाले. "माणूस मंधात असते."

मी त्या दिवशी हसले नाही. पण शिकलेही नाही.

शिकले ते पोळ्याच्या आठवड्यात. एक दिग्दर्शिका होती, नागपूरचीच, माझ्याहून थोडी मोठी. घर सोडून आलेल्या बायकांवर तिनं बावीस मिनिटांची फिल्म केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शहरातल्या एका थिएटरात दाखवायची होती आणि त्यासाठी प्रोजेक्टरला लागणाऱ्या साच्यात हवी होती. फिल्ममध्ये एक बाई होती. काटोलला फळबाजारात तिच्या नवऱ्याचा गाळा. तो मारायचा, म्हणून ती आठ वर्षांची मुलगी घेऊन निघाली होती आणि कोराडीला एका खोलीत राहून वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या लोकांचे डबे करत होती. नवऱ्यानं तिचा लग्नातला फोटो फोनच्या गटांवर फिरवला होता, ‘हिला कोणी पाहिलं का’ म्हणून. त्यामुळे फिल्ममध्ये तिचा चेहरा धूसर केला होता, आवाज बदलला होता आणि तिच्यामागची खिडकीसुद्धा पांढरी करून टाकली होती. दिग्दर्शिकेनं तिला तसा शब्द दिला होता.

दिग्दर्शिकेच्या डिस्कवर दोन फाइली होत्या. एक ही झाकलेली, आणि एक त्याआधीची, उघडी, आवाजाचं काम करणाऱ्यासाठी काढलेली. तिनं मला तसं सांगितलंही होतं, गडबडीत, गाडीवर बसता बसता. काकाजी सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. मशीननं काम घेतलं आणि एक तासानं मान टाकली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. डिस्क पाचला थिएटरात पोचायला हवी होती. मी पट्ट्या लावलेल्या त्या बटणांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, पुरे झालं हे. साइट उघडली.

दोन फाइलींपैकी मी जड होती ती उचलली. आमच्या धंद्यात हेच करतात. जड फाईल म्हणजे जास्त तपशील, जास्त तपशील म्हणजे चांगली प्रत, आणि चांगली असते तीच शेवटची असते. पण धूसर केलेल्या चित्रात तपशील उरत नाही, म्हणून झाकलेली फाईल हलकी झाली होती. हे मला कळायला हवं होतं. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की काकाजी यायच्या आत हे उरकलं पाहिजे.

काकाजी तीन वाजता आले. डोळ्यांत थेंब घातलेले, काळा चष्मा. मी डिस्क पुढे केली. "झालं," मी म्हटलं. मुद्दाम म्हटलं, त्यांना चिडवायला.

"पाह्यलं?"

"सुरुवात पाहिली, शेवट पाहिला. काकाजी, पाचला पोचवायचंय."

ते स्टुलावर बसले, काळा चष्मा काढला, पाणावलेल्या डोळ्यांनी पडद्याजवळ गेले आणि पहिल्यापासून लावलं. मी मागे उभी राहून घड्याळ पाहत होते आणि धुसफुसत होते.

सहाव्या मिनिटाला ती बाई आली. चेहरा उघडा. कपाळावर केसांजवळ एक जुनी खूण होती तीसुद्धा दिसत होती. मागे खिडकी, खिडकीत कोराडीची धुराडी. ती स्वतःच्या खऱ्या आवाजात सांगत होती की माझी मुलगी खिडकीत बसायचा हट्ट करते आणि मी तिला बसू देत नाही.

काकाजींनी आधी पडदा बंद केला. मग वळले. "कुठी केलं हे?"

मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी संगणकावर ती साइट उघडून दाखवली. तिथे आमच्या फाइलीचं पान होतं, आणि पानाच्या डोक्यावर साइटनं आपणहून निवडलेलं एक छोटं चित्र होतं. बावीस मिनिटांतून त्या यंत्रानं नेमकी तीच बाई उचलली होती, खिडकीसकट. खाली लिहिलं होतं की ज्याच्याकडे दुवा आहे तो फाईल पाहू शकेल.

मी पुसण्याचं बटण दाबलं. ‘विनंती नोंदली’ असं आलं. पान पुन्हा उघडलं, बाई तिथेच. पुन्हा दाबलं. बाई तिथेच. त्या साइटला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर लगेच आलं, ते यंत्रानं लिहिलेलं होतं. मी रडत रडत दाबतच होते. काकाजींनी माझा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला.

दिग्दर्शिकेला त्यांनीच फोन केला. ती धावत आली, पांढरीफटक. पण ती म्हणाली, "तो दुवा आपल्या तिघांशिवाय कोणाकडे नाही. उद्या आपोआप पुसला जाईल. तिला कशाला सांगायचं काकाजी? उगाच घाबरेल."

मी मनापासून मान हलवली. मलाही तेच हवं होतं.

"घाबरन," काकाजी म्हणाले. "पण ते भेव तिचं हाये. आपण काहून दाबून ठेवाव? उद्या कोणी तिच्या दारात उभं राह्यलं, तं तिले आधी माहीत पाहिजे का नाही?"

झाकलेली फाईल त्यांनी मशीनवर लावली आणि दिग्दर्शिकेला समोर बसवलं. यावेळी मशीननं मान टाकली नाही, पण डिस्क थिएटरात पोचायला पाचऐवजी सात वाजले. काकाजी आणि मी तोवर कोराडीच्या रस्त्याला होतो. काकाजींची स्कूटर तिशीच्या वर कधी जात नसे. कोळशाचा ट्रक मागून आला की ते पार कडेला घेऊन थांबायचे आणि तो गेला की पुन्हा किक. मी मागे बसून प्रत्येक येणाऱ्या मोटरसायकलीकडे पाहत होते. प्रत्येक जण काटोलचा वाटत होता.

ती पोळ्या लाटत होती. दिग्दर्शिकेनं फोनवर तिला फक्त आम्ही येतोय एवढंच सांगितलं होतं. मुलगी शिकवणीला गेली होती. खोलीला एकच खिडकी, तिला वर्तमानपत्र चिकटवलेलं. काकाजी दारातच उभे राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. काय चढवलं, कुठे चढवलं, कोण पाहू शकतं, किती वेळ. काही सोडलं नाही. मग म्हणाले, "चूक माझ्या हातून झाली बाई."

मी त्यांच्या मागे हेल्मेट धरून उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

तिनं एकच विचारलं. "खिडकी दिसते का त्याच्यात?"

"दिसते. धुराडी बी दिसते."

तिनं गॅस बंद केला. तव्यावरची पोळी उतरवली, घडी घातली, डब्यात ठेवली. मग पलंगाखालून पिशवी ओढली. ती रडली नाही, आम्हाला बोल लावला नाही. कपडे भरताना मधेच थांबून तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं, आधी काकाजींकडे, मग माझ्याकडे, आणि पुन्हा भरू लागली. कुठे जाणार हे सांगायला तिनं तोंड उघडलं तर काकाजींनी हात वर केला.

"मले नका सांगू. मले माहीत नसन तं माझ्याकडून कोणी काढू शकत नाही. फक्त दरसाल मारबतीच्या दिवशी या चिठ्ठीवरच्या आमच्या नंबरवर एक रिंग द्या. कोणाच्याही फोनवरून. बोलू नका. एक रिंग आली म्हणजे मी समजतो."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची मारबत परवावर आली होती. सगळं नागपूर त्या दिवशी रस्त्यावर येऊन रोगराई, इडापिडा हाकलतं. काकाजींना एखादा लक्षात राहील असा दिवस हवा होता, एवढंच असेल. मी त्यांना कधी विचारलं नाही.

फिल्म दुसऱ्या दिवशी दाखवली गेली, झाकलेली. काकाजी आत बसले नाहीत. दारापाशी उभे राहून कोणी फोन वर धरतंय का ते पाहत राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारपर्यंत ते पान नाहीसं झालं. पुसलं गेलं, की फक्त आम्हाला दिसेनासं झालं, हे पुसणाऱ्यालाच माहीत. महिन्याभरानं दिग्दर्शिकेला कळलं, कोराडीला दोन माणसं येऊन विचारून गेली होती. त्यांच्या हातात लग्नातलाच फोटो होता, आमच्या फाइलीतला नव्हता. पण कोराडीच त्यांना कशी सुचली, हे आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

माझ्याशी काकाजी त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मला काढलं नाही, टोमणा नाही, गिऱ्हाइकांत कुजबूज नाही. मीही त्यांना कधी म्हटलं नाही की तुम्ही माझं नाव का घेतलं नाही. रोज सकाळी चहाच्या आधी ते तो दुवा उघडून पाहायचे. ‘पान सापडले नाही’ असं आलं की मग कपाला हात लावायचे. हळूहळू मीही कार्ड दोन हातांनी घालायला लागले. माझे हात आता ऐकत नाहीत.

पुढची चार वर्षं मारबतीला स्टुडिओतला बटणांचा जुना फोन टेबलाच्या मधोमध ठेवला जाई. त्या दिवशी दुसरं काम नाही. एक रिंग वाजायची आणि थांबायची. काकाजी फोन उचलून आलेला नंबर लगेच पुसून टाकायचे आणि मग दिवसभर थोडे चेष्टेखोर असायचे. तिसऱ्या वर्षी रिंग पाच वाजेपर्यंत आली नाही. त्या दिवसाबद्दल मी लिहू शकत नाही. सव्वापाचला आली.

या जानेवारीत काकाजी गेले. झोपेत. त्यांच्या तांदळाच्या डब्यातून सात डिस्क निघाल्या. स्टुडिओ मी चालवते. पट्ट्या तशाच आहेत, आणि तो बटणांचा फोनही.

या मारबतीला मी तो टेबलावर ठेवून बसले. दुपारी एकच्या सुमारास रिंग वाजली. दुसरी वाजली. तिसरी. थांबेना. तो नंबर कोणाच्या हाती लागला असेल, हे मला पहिल्यांदा सुचलं. सातव्या रिंगला मी उचलला आणि काहीच बोलले नाही.

"काकाजी?" पलीकडून बाईचा आवाज. "बोलू नका म्हटलं होतं तुम्ही, माहीत हाये. पण आज बोलाचं होतं. पोरगी आता खिडकीत बसून अभ्यास करते. एवढंच सांगाचं होतं."

मी म्हटलं, "काकाजी नाहीत. जानेवारीत गेले."

ती फोन ठेवून देईल या भीतीनं मी घाईघाईनं म्हटलं, "ऐका. ती फाईल त्यांनी नव्हती टाकली. मी टाकली होती. ते खोटं बोलले. आणि मी मागे उभी राहून बोलू दिलं."

"माहीत हाये मले."

"कसं?"

"तुमच्या हातातलं हेल्मेट दाराच्या कडीवर वाजून राह्यलं होतं. म्हणून मी त्यायचे हात पाह्यले. ते थीर होते."